वेताचा घोडा श्वास घेतो

लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 2007 सालच्या ऑक्टोबरात एक घोडा रंगमंचावर आला, तेव्हा त्याच्या अंगातून आरपार दिसत होतं. वेत वाकवून बांधलेला सांगाडा, त्यावर मधूनमधून ताणलेलं जाळीचं कापड, चामड्याचे कान. पोटाच्या पोकळीत दोन माणसं उभी होती आणि तिसरा माणूस बाहेर, घोड्याच्या मानेशेजारी. कुणाच्याही अंगावर पडदा नव्हता. वेताचे चार आणि माणसांचे सहा, असे एकूण दहा पाय प्रेक्षकांना लख्ख दिसत होते. तरी काही क्षणांतच त्यांना फक्त चार दिसू लागले!

हे नाटक म्हणजे ‘वॉर हॉर्स’. पहिल्या महायुद्धाच्या वेळी इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या एका शेतकऱ्याचा घोडा, जोई, लष्कराला विकला जातो, आणि त्याच्यावर जीव लावणारा अल्बर्ट त्याच्या शोधात फ्रान्सच्या रणभूमीवर जातो. मायकेल मॉर्पर्गो यांच्या 1982 च्या ज्या कादंबरीवरून निक स्टॅफर्ड यांनी हे नाटक लिहिलं, तिच्यात सगळी गोष्ट जोई स्वतः सांगतो. नाटकात मात्र तो एक शब्दही बोलत नाही. मला हा या प्रयोगातला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. निवेदकाची वाचाच काढून घेतली, आणि मग जे काही सांगायचं ते कानांनी, शेपटीने, खुरांनी आणि श्वासानेच सांगणं भाग पडलं.

घोडा घडवला तो केपटाउनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने. एड्रियन कोहलर आणि बेसिल जोन्स हे तिचे दोन आधारस्तंभ. त्याआधी या कंपनीने मालीच्या बाहुलीकारांबरोबर ‘टॉल हॉर्स’ नावाचं नाटक केलं होतं. 1827 साली इजिप्तच्या मुहम्मद अलीने फ्रान्सच्या राजाला भेट म्हणून पाठवलेला जिराफ पॅरिसला पोचला, त्याची ती कथा. त्या जिराफाच्या आतही माणसं होती. तो पाहिल्यावर दिग्दर्शक टॉम मॉरिस यांना खात्री पटली की एवढं मोठं जनावर बाहुलीच्या रूपात अख्खं नाटक पेलू शकेल. मॅरियान इलियट यांच्याबरोबर त्यांनी ‘वॉर हॉर्स’ बसवलं.

तीन माणसांनी मिळून एक बाहुली चालवायची पद्धत जपानच्या बुनराकूत शतकानुशतकं आहे. जोईच्या बाबतीत या तिघांना डोकं, हृदय आणि मागचं अंग अशीच नावं आहेत. डोक्याजवळचा माणूस मान फिरवतो, आणि सायकलच्या ब्रेकसारखी कळ दाबून तारेने कान हलवतो. हृदयाकडे पुढचे दोन पाय आणि श्वास. मागच्याकडे मागचे पाय आणि शेपूट. पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा कणा आहे, आणि आतल्या दोघांनी पाठपिशवीसारखा पट्टा बांधलेला असतो. कारण जोईवर खरोखरचा माणूस स्वार होतो, आणि त्याचं ओझं शेवटी या दोघांच्याच खांद्यांवर येतं.

आता तो श्वास. हृदयाचा माणूस गुडघे किंचित वाकवतो आणि सरळ करतो, की सांगाड्याची छाती खाली जाते, वर येते. बस्स, एवढंच. पण हे कधीच थांबत नाही. जोई काहीही करत नसताना, संवाद दुसरीकडे चालू असताना, सगळ्यांचं लक्ष माणसांवर असताना मागे तो घोडा श्वास घेत उभा असतो. शांत उभा असलेला खरा घोडा मिनिटाला 10-12 वेळाच श्वास घेतो, आणि तोही फक्त नाकाने. तोंडाने श्वास घेणं त्याच्या शरीररचनेतच नाही. भरधाव सुटला की एका झेपेला एक श्वास असं गणित बसतं. पुढचे पाय जमिनीवर आदळतात तेव्हा श्वास बाहेर, अंग ताणलं जातं तेव्हा आत. म्हणजे घोड्याची चाल आणि त्याचा श्वास ही एकाच यंत्राची दोन टोकं आहेत. बाहुलीतही ती एकाच माणसाच्या हाती आहेत, आणि यापेक्षा नेमकी वाटणी मला सुचत नाही.

जोईचे डोळे मिटत-उघडत नाहीत. चेहऱ्यावर भाव उमटायची सोयच नाही. पण घोड्याचं मन डोळ्यांपेक्षा कानांत वाचता येतं, हे घोड्यांत वावरणारा कुणीही सांगेल. खऱ्या घोड्याचे दोन कान एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात. एक पुढच्या आवाजाकडे टवकारलेला आणि दुसरा पाठीवरच्या स्वाराकडे वळलेला, असं सर्रास दिसतं. दोन्ही मागे चिकटले तर समजावं की तो चिडलाय. कान थरथरले, शेपूट एकदा झटकली, एका खुराने माती उकरली, की घोडा काय विचार करतोय हे आपणच मनात पूर्ण करतो. प्रेक्षकाला थोडंसंच द्यायचं आणि बाकीचं त्याच्यावर सोपवायचं, या विश्वासावर ही कला उभी आहे. म्हणूनच जाळीतून आतली माणसं दिसली तरी बिघडत नाही.

आपल्याकडे गोव्यात शिगम्याला होणारी घोडेमोडणी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना यात फार परकं काही वाटणार नाही. डिचोली, पेडणे, सत्तरी भागांत कमरेला सजवलेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन, ढोलताशांच्या ठेक्यावर नर्तक नाचतात. त्या घोड्याला पाय नसतातच. नर्तकाचे पाय हेच त्याचे पाय. माणूसच स्वार आणि माणूसच घोडा, आणि पाहणाऱ्याला दोन्ही दिसतात.

हे सगळं करण्यापेक्षा सरळ खरे घोडे का नाही घेतले? याचं उत्तर चित्रपटाच्या इतिहासात आहे, आणि ते वाचवत नाही. हॉलिवूडच्या जुन्या युद्धपटांत घोडा कोसळलेला दाखवायचा, तर धावत्या घोड्याच्या पायांना तार बांधून त्याला पाडत. 1936 च्या ‘चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये या रीतीने घोडे मेले. 1939 च्या ‘जेसी जेम्स’मध्ये कड्यावरून पाण्यात ढकललेला घोडा मेला, तेव्हा गदारोळ झाला आणि प्राण्यांना मिळणाऱ्या वागणुकीवर देखरेख सुरू झाली. ‘वॉर हॉर्स’चा विषय तर घोड्यांचं मरणच आहे. पहिल्या महायुद्धात सुमारे 80 लाख घोडे मेले असं मानलं जातं. काटेरी तारांत अडकलेला, तोफांनी भेदरलेला घोडा रोज रात्री दाखवायचा, तर तो वेताचाच हवा. पुढे स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी याच कथेवर चित्रपट केला, त्यात खरे घोडे होते. पण तारांच्या प्रसंगात खरी काटेरी तार वापरली गेली नाही.

वेताचा घोडा मरतोही अशा रीतीने, जी खऱ्याला कधी जमणार नाही. जोईचा सोबती, टॉपथॉर्न नावाचा काळा घोडा, कोसळतो. श्वास थांबतो. मग आतली माणसं हळूहळू सांगाड्यातून बाहेर येतात आणि निघून जातात. उरतो तो वेत आणि कापड. संपूर्ण नाटकभर ज्या माणसांकडे आपण पाहिलंच नव्हतं, ती आत्ता दिसतात, आणि त्यांच्या जाण्याने मरण दिसतं. प्राण म्हणजे काय याचं इतकं साधं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

जन्म-वाढीचीही अशीच एक जागा आहे. छोट्या शिंगराची वेगळी बाहुली असते. एका क्षणी ते शिंगरू रंगमंचावर तुकड्यातुकड्यांनी विखुरतं आणि त्याच जागी मागून पूर्ण वाढलेला जोई उसळून येतो. मधली वर्षं एका उडीत पार.

राहिला आवाज. घोड्याच्या फुप्फुसांत माणसाच्या कितीतरी पट हवा मावते, म्हणून त्याची खिंकाळी लांब चालते आणि चढत-उतरत जाते. एका माणसाचा दम तिला पुरत नाही. म्हणून तिघेही आपापल्या जागेवरून आवाज देतात. एकाचा श्वास संपत येतो तिथे दुसरा सूर उचलतो, तिसरा त्याखाली घोगरा आवाज भरतो. आतल्या दोघांना धड एकमेकांचे चेहरेही दिसत नसतात. कधी फुरफुरायचं आणि कधी खिंकाळायचं, हे ते एकमेकांच्या श्वासावरून ओळखतात.