तीस हजारांत लॅपटॉप: नवा स्वस्त घ्यावा की जुना दणकट?

बारावीचा निकाल लागतो, पॉलिटेक्निक, बीसीए, बीकॉमचे प्रवेश सुरू होतात आणि आम्हा शिक्षकांकडे पालक एकच प्रश्न घेऊन येतात: मुलीला लॅपटॉप घ्यायचाय, कोणता घेऊ? बजेट बहुतेकांचं पंचवीस ते पस्तीस हजार. कुणाची बीसी निघालेली असते, कुणी ईदपासून बाजूला ठेवलेले असतात. हे पैसे एकदाच हातात येतात आणि लॅपटॉप निदान तीन-चार वर्षं, म्हणजे डिग्री पूर्ण होईपर्यंत चालावा लागतो. दुकानदार काय म्हणतो यापेक्षा डब्यावर आणि स्टिकरवर काय लिहिलंय हे घरातल्या एका तरी माणसाला वाचता आलं पाहिजे.

सर्वात आधी फसगत होते ती सर्वात स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये. चकचकीत डबा, एक वर्षाची वॉरंटी, किंमत वीस-पंचवीस हजारांच्या आसपास. आत मात्र सेलेरॉन किंवा तशाच हलक्या जातीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी मेमरी. विंडोज ११ चालवायला कंपनीने कमीत कमी जी अट सांगितली आहे ती नेमकी हीच: ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. म्हणजे मशीन सुरू होतं, इतकंच. ब्राउझरमध्ये चार टॅब, एक ऑनलाइन लेक्चर आणि वर्डची फाइल एकत्र उघडली की माऊस अडकायला लागतो. मेमरीचा मोठा हिस्सा विंडोजच खाऊन टाकतं, मग अपडेटला जागा उरत नाही. आणि अशा बऱ्याच मशीनमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, पुढे वाढवायची म्हटली तरी वाढत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी असाच लॅपटॉप घेतला. पहिल्या सेमिस्टरनंतर ती प्रोजेक्ट सायबर कॅफेत जाऊन करायची.

म्हणून आमचं सरळ मत: ८ जीबी रॅम आणि एसएसडी, याच्या खाली उतरू नका. एसएसडी २५६ जीबी असली तरी भागतं, ५१२ मिळाली तर उत्तम. "एक टीबी हार्ड डिस्क" ऐकून भुलू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर लॅपटॉप सुरू व्हायलाच काही मिनिटं जातात, एसएसडीवर काही सेकंद. स्क्रीनचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० बघा. १३६६ बाय ७६८ वर अक्षरं मोठी आणि फिकी दिसतात आणि दिवसभर वाचणाऱ्या मुलांचे डोळे थकतात.

एवढ्या अटी लावल्या की तीस हजारांत नव्या मशीनचे पर्याय कमी उरतात. इथे रिफर्बिश्ड लॅपटॉपचा विचार करावा. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप साधारण तीन-चार वर्षांनी बदलतात. ते लॉटने बाजारात येतात, साफ होतात, तपासले जातात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचतात. लेनोवो थिंकपॅड टी-४८०, डेल लॅटिट्यूड ७४९०, एचपी एलिटबुक ८४० जी-५ ही यातली नेहमी दिसणारी नावं. ही ऑफिससाठी बनवलेली मशीन आहेत: कीबोर्ड मजबूत, बिजागरी दणकट, आणि या तिन्हींत रॅमचे दोन स्लॉट असतात, म्हणून ८ ची १६ जीबी पुढे कधीही करता येते. नव्या सेलेरॉनच्या किमतीत, बऱ्याचदा त्याहून कमीत, असं मशीन मिळतं. वापरलेली वस्तू मुलीला कशी द्यायची, असं काही घरांत वाटतं. पण चार वर्षं चालणारं काय, हे पाहावं.

मात्र इथेही एक सापळा आहे. दुकानात पाटी असते "आय-५, १६ जीबी, फक्त बारा हजार". आय-५ हे अर्धंच नाव झालं. पिढी कोणती ते विचारा, आणि स्वतः वाचा. आय-५ च्या पुढे बहुतेक वेळा चार आकडे असतात. ८२५० किंवा ८३५० असेल तर आठवी पिढी, ६३०० असेल तर सहावी, ४३०० असेल तर चौथी. ११३५ असेल तर अकरावी, १२३५ असेल तर बारावी. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर विंडोज ११ साठी अधिकृत यादीत आहेत (सातवीतले मोजके अपवाद सोडून द्या). विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे सहाव्या पिढीचं मशीन आज चालेल, पण सुरक्षेचे अपडेट नेहमीसारखे मिळणार नाहीत, आणि त्याच मशीनवर तुम्ही फी भरणार, स्कॉलरशिपचे फॉर्म भरणार. मोबाइलच्या ओटीपीला जेवढं जपतो तेवढंच याला जपावं.

रिफर्बिश्ड घेताना दुकानातच अर्धा तास बसा. घाई करणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका. वर्डमध्ये प्रत्येक कळ दाबून पाहा, स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र लावून डाग शोधा, कॅमेरा, स्पीकर, वायफाय, प्रत्येक यूएसबी तपासा. बॅटरीसाठी विंडोजमध्येच सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत पॉवर-सी-एफ-जी असा एक शब्द, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरी-रिपोर्ट असं टाइप केलं की एक फाइल बनते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही लिहिलेल्या असतात. आताची निम्म्यावर आली असेल तर नवी बॅटरी घालून मागा किंवा तेवढे पैसे कमी करा. मशीन रिस्टार्ट करून बायॉसमध्येही जा. थिंकपॅडला एफ-१, डेलला एफ-२, एचपीला एफ-१० दाबायचं. तिथे पासवर्ड मागितला तर जुन्या कंपनीचं कुलूप अजून निघालेलं नाही. असं मशीन कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

कोर्सनुसार गरज थोडी बदलते. बीकॉम, बीए, डीएड, टॅली, पायथन, सी शिकणं यासाठी ८ जीबीवर छान चालतं. इंजिनिअरिंगला ऑटोकॅड किंवा मोबाइल अॅप बनवायचं असेल तर १६ जीबी करून घ्या. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मोफत मिळतं, चोरीची कॉपी टाकून व्हायरस घेऊ नका. ऑफिसचंही तेच: कॉलेजचा ईमेल असेल तर मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन आवृत्ती फुकट मिळते का ते कॉलेजला विचारा, नाहीतर लिब्रेऑफिस सर्वांसाठी फुकट आहे. मराठी आणि उर्दू दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच असतात, सेटिंगमधून भाषा जोडली की झालं, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

आता हप्त्यांबद्दल, कारण आपल्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे व्याजच नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढीच सूट आधी किमतीत देतो, म्हणून बेरीज सारखी दिसते. कार्डाच्या स्टेटमेंटवर व्याजाची रक्कम छापून येते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीही. हा व्यवहार जायज की नाजायज हे आलिमांना विचारा, आम्ही फक्त कागदावर काय असतं ते सांगितलं. ज्यांना यापासून लांब राहायचंय त्यांनी बीसीचा नंबर लवकर मागून घ्यावा, नात्यात कर्ज-ए-हसना मिळत असेल तर तारीख लिहून घ्यावं, किंवा सरळ कमी किमतीचं रिफर्बिश्ड मशीन रोखीने घ्यावं.

बिल मात्र पक्कंच घ्या. त्यावर मॉडेल, सीरियल नंबर, रॅम, एसएसडी आणि वॉरंटीचे महिने हाताने का होईना लिहून घ्या, आणि बिलावरचा सीरियल नंबर लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या नंबरशी दुकानातच जुळवून पाहा. रिफर्बिश्डला सहा महिन्यांची वॉरंटी मागायला लाजू नका. चांगले दुकानदार देतात.