आल्या वाटेने परत

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्स वस्तीलगतच्या रेल्वे स्थानकात मार्च १८७० मध्ये दोन कंपन्यांचे रूळ एकमेकांस मिळाले. अलाहाबादेहून ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा १८६७ मध्येच येथवर आला होता. आता मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येऊन मिळाली. पुढे १९०० मध्ये नागपूरवरून हावड्यास जाणारा दुसरा, जवळचा मार्ग खुला झाला, आणि प्रवाशास वाट निवडणे प्राप्त झाले. संगणकांच्या जाळ्यातही अशीच निवड करावी लागते. मात्र तेथे परतीची वाट चुकली, तर प्रवासीच नाहीसा होतो!

अशी कल्पना करू, की याच वस्तीतील एका ग्रंथालयाने आपली ग्रंथसूची लिनक्स प्रणालीच्या संगणकावर ठेवली आहे. एक तार तुटली तरी काम अडू नये म्हणून दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या आहेत. पहिलीने १९२.०.२.१० हा पत्ता दिला, दुसरीने १९८.५१.१००.१०. बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी पहिली जोडणी हा नेहमीचा मार्ग ठरविला आहे. गोंदियाचा वाचक पहिल्या पत्त्यावर विचारणा करतो, तेव्हा उत्तर मिळते. दुसऱ्या पत्त्यावर करतो, तेव्हा पडदा कोराच राहतो. तारा तर दोन्ही शाबूत आहेत.

अशा वेळी दोन्ही दारांशी पहारा बसवावा. टीसीपीडम्प नावाचे साधन येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाची नोंद दाखविते. ती पाहता कळते, की विचारणा दुसऱ्या दाराने आत आली आणि उत्तर पहिल्या दाराने बाहेर पडले. यंत्राला दोष देता येत नाही. पाकीट कोठे जावयाचे एवढेच ते पाहते; कोणत्या पत्त्यावरून निघाले, हे पाहत नाही. पहिली कंपनी मात्र प्रेषकाचा परका पत्ता पाहून ते पाकीट टाकून देते. ही दक्षता निष्कारण नव्हे. खोट्या पत्त्यांआडून होणारे हल्ले रोखण्यासाठी इंटरनेटच्या अभियंत्यांनी २००० साली तशी शिफारसच केली आहे.

यावरचा उपाय अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी लिहिलेल्या ‘आयपीरूट२’ या साधनसंचात सापडतो. लिनक्सला एकाऐवजी अनेक मार्ग-तक्ते ठेवता येतात, आणि कोणता तक्ता केव्हा पाहावा याचे नियम घालता येतात. येथे एक नवा तक्ता करावा; त्यात दुसऱ्या कंपनीच्या राउटरकडे जाणारा मार्ग लिहावा. मग नियम घालावा: ज्या पाकिटाचा प्रेषक १९८.५१.१००.१० असेल, त्यासाठी हा तक्ता पाहावा. नियम लहान क्रमांकापासून तपासले जातात. मुख्य तक्त्याच्या नियमाचा क्रमांक ३२७६६ असल्याने नव्याचा क्रमांक त्याहून लहान हवा. अन्यथा त्याच्यापर्यंत पाळीच येत नाही.

एवढ्याने उत्तर आल्या दाराने परत जाऊ लागते. परंतु हातांनी दिलेल्या आज्ञा यंत्र बंद होताच पुसल्या जातात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. म्हणून त्या मांडणीच्या फायलीत लिहून ठेवाव्यात, यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, आणि गोंदियाच्या वाचकास दुसऱ्या पत्त्यावर आणखी एकदा विचारावयास सांगावे.