एस्पेरांतोची नामे: अपवादाविना व्याकरण

१८८७ साली वॉर्सात डॉ. झामेनहॉफ या नेत्रवैद्याने एस्पेरांतो ही रचलेली भाषा जगापुढे मांडली. शब्द बहुतांशी युरोपीय भाषांतले, शिस्त मात्र स्वतःची. अक्षरे २८, त्यांत स्वर ५. प्रत्येक अक्षराचा उच्चार ठरलेला, आघात नेहमी उपान्त्य स्वरावर.

सामान्य नाम ओकारान्त: ‘हुंदो’ म्हणजे कुत्रा. अनेकवचनाला ‘य्’ जोडायचा: ‘हुंदोय्’. कर्माला ‘न्’: ‘हुंदोन्’. दोन्ही मिळून ‘हुंदोय्‌न्’. या ‘न्’मुळे, आपल्या ‘ला’प्रमाणेच, शब्दक्रम बदलला तरी कोण कोणाला चावले हे स्पष्ट राहते. इतर विभक्तींचे काम नामाआधी येणारे छोटे शब्द करतात. नामांना व्याकरणिक लिंग नाही, सामान्यरूपही नाही. त्यामुळे नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी बिनचूक अनेकवचन करता येते. भाषेची भीती घालवणारी ही रचना प्रत्येक भाषाप्रेमीने जरूर अभ्यासावी.