एक बेरीज, दोन प्रोसेसर

सी भाषेत दोन संख्यांची बेरीज करणारे छोटेसे फंक्शन आपण लिहिले. कंपायलर त्याचे प्रोसेसरच्या आज्ञांत भाषांतर करतो. हे भाषांतर आपल्याला वाचता येईल का?

येईल. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रसिद्ध केलेल्या जीसीसी या मुक्त कंपायलरला ‘-ओ२ -एस’ (अक्षरे कॅपिटल) असे सांगितले, की तो आटोपशीर असेम्ब्ली लिहून थांबतो. जीसीसीची एआरएमसाठीची आवृत्ती घेतली, तर मोबाइलमधल्या या प्रोसेसरच्या आज्ञाही पीसीवरच पाहता येतात.

एआरएमसाठी बेरजेची ‘ॲड’ ही एकच आज्ञा पुरते. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधला संख्या ठेवण्याचा कप्पा. एआरएमची ‘ॲड’ दोन संख्या आणि उत्तर यांसाठी तीन वेगळी रजिस्टरे घेऊ शकते. बहुतेक पीसींतल्या एक्स८६ची ‘ॲड’ मात्र दोनच घेते आणि त्यांपैकी एकातली संख्या पुसून तिथे उत्तर लिहिते. उत्तर तर तिसऱ्याच रजिस्टरात हवे! मग कंपायलर मेमरीतला पत्ता काढणारी ‘एलईए’ ही आज्ञा बेरजेला जुंपतो.

अर्थ एक, आज्ञा निराळ्या. म्हणूनच एका प्रोसेसरसाठी तयार झालेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर थेट चालत नाही.

आता बेरजेऐवजी ‘दहाने गुणा’ असे लिहून पाहा. गुणाकाराची आज्ञा कुठे दिसते का?