होडीचे कातडे

होडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर फळ्या येतात. ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्याने फळ्या आणायच्या कुठून? त्या देशात झाडे जवळजवळ नाहीतच. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे, ही त्याची कायाक. शिवणकाम बायकांकडे असे. सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच फिरवायची. आरपार भोक नाही, म्हणजे पाण्याला वाट नाही. वरून चरबी चोळायची. टाका चुकला, तर बर्फासारख्या पाण्यात घरधनीच जायचा!

आज हौशी मंडळी घरी कायाक बांधतात, ती कापडाची. सुती कॅनव्हास भिजला की आवळतो, पण ओला राहिला तर कुजतो. पॉलिएस्टरच्या सुरकुत्या गरम इस्त्रीने आक्रसून घेता येतात. मला विचाराल तर खडकाळ किनाऱ्यावर नायलॉनच बरे. दगड लागला तर ते दबते, सहसा फाटत नाही. मात्र पाणी पिऊन सैल पडते. म्हणून ओले करूनच ताणून शिवावे. वाळले की ढोलकीसारखे घट्ट बसते.

आता लेप. तैलरंग कॅनव्हासला चालतो. नायलॉनवर तो तडकतो, कारण खालचे कापड सारखे हलते. तिथे लवचिक पॉलियुरेथेन हवे. कापड पूर्ण वाळल्यावर, उघड्या हवेत, पहिला हात विणीत मुरेल असा द्यावा. शिवणीवर हात सढळ असावा. गळती बहुधा तिथूनच सुरू होते.