वजनकाट्यावर अडलेली भरती : सैन्याचे निकष आणि आपल्या मुलांची शरीरे

पहाटे साडेचार-पाचला हिंगोलीहून कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या रस्त्याने निघालात, तर डांबरीच्या कडेने पळणारी पोरे दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात काहीच नाही. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. त्यामुळे वर्दीतला माणूस इथल्या मुलांनी लहानपणापासून जवळून पाहिलेला असतो. दोन-चार एकर कोरडवाहू सोयाबीन किंवा नुसती मजुरी असलेल्या घरात भरती हा पक्क्या पगाराचा एकमेव दिसणारा रस्ता असतो.

मी ज्या वस्तीत काम करतो तिथली दोन मुले गेल्या भरतीत अग्निवीरसाठी उतरली. दोघे एकाच वर्गात शिकलेले, बुद्धविहारासमोरच्या मोकळ्या जागेत रोज सोबत व्यायाम करणारे. दोघांनी लेखी परीक्षा काढली, दोघे धावण्यात पास झाले आणि दोघेही वजनावरून परत आले. पहिल्याची उंची १६९ सेंटीमीटर, वजन ४८ किलो : कमी भरले. दुसऱ्याची उंची १७२, वजन ७१ किलो : जास्त भरले. गावात चर्चा झाली ती 'पैसे दिले नाहीत म्हणून काढले' अशी. खरे कारण तक्त्यात होते आणि तो तक्ता दोघांनीही आधी पाहिलेला नव्हता. म्हणून हा लेख.

निकष नेमके काय आहेत?

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते आणि त्यात निवडलेल्यांना मैदानावर बोलावले जाते. महाराष्ट्रातील मुलांसाठी जनरल ड्युटी पदाला उंची १६८ सेंटीमीटर लागते. छाती न फुगवता ७७ सेंटीमीटर आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटीमीटरची वाढ लागते. सेवेतील व माजी सैनिकांच्या मुलांना उंचीत २ सेंटीमीटर, छातीत १ सेंटीमीटर आणि वजनात २ किलोची सूट आहे.

वजनाबद्दल मात्र जाहिरातीत एकच ओळ असते : उंची आणि वयाच्या प्रमाणात. मुले ही ओळ वाचून पुढे जातात. या ओळीमागे सैन्याच्या वैद्यकीय विभागाचा तक्ता आहे आणि तो समजायला सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा. त्याला १८ ने गुणले की कमीत कमी वजन मिळते. वरची मर्यादा वयानुसार बदलते : २० वर्षांपर्यंत २२ ने गुणायचे, २० ते ३० वयाला २३ ने.

१६८ सेंटीमीटर उंचीचे उदाहरण घेऊ. १.६८ गुणिले १.६८ म्हणजे २.८२. त्यावरून किमान वजन ५०.८ किलो येते. वरची मर्यादा विशीच्या आत ६२.१ किलो आणि तिशीपर्यंत ६४.९ किलो. आमच्या पहिल्या मुलाला १६९ उंचीला किमान ५१.४ किलो हवे होते, म्हणजे तो साडेतीन किलोने कमी पडला. दुसरा एकोणीस वर्षांचा. त्याची मर्यादा ६५.१ किलो, म्हणजे तो जवळपास सहा किलोने जास्त. किमान वजनाखाली सहसा कुणाला घेत नाहीत. वरच्या बाजूला थोडी वाट आहे, ती पुढे सांगतो.

पोलीस भरतीत गोष्ट वेगळी आहे. शिपाई पदासाठी मुलांना उंची १६५ सेंटीमीटर, राज्य राखीव बलासाठी १६८, आणि दोन्हीकडे छाती ७९ व फुगवून ५ सेंटीमीटर. मुलींना पोलीस शिपाई पदासाठी उंची १५५. वजनाची अट तिथे नाही. पण छाती सैन्यापेक्षा दोन सेंटीमीटर जास्त लागते, हे अनेकांना मोजमापाच्या दिवशीच कळते.

वजन म्हणजे चरबी नव्हे

उंचीच्या वर्गाने वजनाला भागण्याची ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन गणितज्ञ अडॉल्फ केटले यांची. आज आपण तिला बीएमआय म्हणतो. ती लोकसमूहाचा अंदाज घेण्यासाठी बरी आहे, पण एका माणसाच्या शरीरात स्नायू किती आणि चरबी किती हे ती सांगू शकत नाही.

याचे सगळ्यात चांगले उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. दोघांच्या शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या फोटोसह हे छापून आले. दिसायला बारीक, पण पोटाभोवती चरबी आणि हातापायांत स्नायू कमी, अशी शरीरे भारतीयांत खूप आहेत.

म्हणूनच सैन्याची तपासणी नुसत्या काट्यावर थांबत नाही. एखादा मुलगा कुस्ती, बॉक्सिंग किंवा शरीरसौष्ठव करणारा असेल आणि स्नायूंमुळे वजन जास्त भरत असेल, तर त्याचा वेगळा विचार होतो. त्यासाठी बीएमआय २५ च्या आत, पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटरपेक्षा कमी, कंबर आणि नितंब यांचे प्रमाण ०.९ पेक्षा कमी आणि रक्ताच्या तपासण्या ठीक असाव्या लागतात. खेळाची प्रमाणपत्रेही लागतात. मुलींसाठी घेर ८० आणि प्रमाण ०.८ आहे. अमेरिकेच्या सैन्यातही वजन जास्त भरले की टेप लावून चरबीचा अंदाज काढतात.

आमचा दुसरा मुलगा कबड्डी खेळायचा. त्याचा बीएमआय २४, म्हणजे या सवलतीत बसण्यासारखा. पण कमरेचा घेर भरला ९२. तालुक्याला खोली करून राहिल्यापासून सकाळी पोहे, दुपारी वडापाव, रात्री भात आणि वर 'गेनर' पावडर असा त्याचा खुराक होता. व्यायाम होता, पण वाढले ते पोट.

शरीर घडते कुठे?

डॉ. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलोच्या आसपास. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र टिकून होती. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी भरतीच्या टेपवर जे दिसते, त्याची सुरुवात आईच्या पोटात झालेली असते. ती आई सातव्या महिन्यापर्यंत निंदणीला जात होती का, सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्यासाठी टोपल्यात किती भाकरी उरायची, हे प्रश्न त्या टेपशी जोडलेले आहेत.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे आणि ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी आहे. हीच मुले उद्या १६८ च्या पट्टीखाली उभी राहणार आहेत. उंचीचा पाया पहिल्या दोन वर्षांत घातला जातो. अठराव्या वर्षी कोणतीही पावडर ते भरून काढू शकत नाही.

आपल्या समाजासाठी याला आणखी एक बाजू आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. त्या नोकरीने घरात शिक्षण आणि नियमित पगार आला. नंतर १८९२-९३ च्या सुमारास, 'लढवय्या जाती' ठरवण्याच्या इंग्रजी धोरणात, महारांची भरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडलीही. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हा दारावर जात विचारली जायची. आज काटा जात विचारत नाही, हा मोठाच फरक आहे. पण काट्यावर उभे राहणारे शरीर ज्या घरातून येते, त्या घरात दूध, अंडी, डाळ किती येते हे अजूनही जमीन आणि मजुरीवरच ठरते. निकष सर्वांना सारखे असले तरी तयारीची सुरुवात सारख्या जागेवरून होत नाही. त्यामुळे आपल्याला तयारी लवकर सुरू करावी लागेल.

वजन कमी असेल तर

पहिल्या मुलाची चूक अंगमेहनतीची होती. तो रोज दहा किलोमीटर पळायचा. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे ढोबळमानाने एक कॅलरी खर्च होते, म्हणजे त्याच्या सुमारे ४८० कॅलरी रोज पळण्यातच जात होत्या. वर सोयाबीन काढणीची मजुरी. आणि जेवण? दोन वेळा भाकरी, पातळ वरण, चटणी. वजन वाढणार कुठून?

भरतीत पळायचे असते १६०० मीटर, साडेपाच मिनिटांच्या आत धावले तर पूर्ण ६० गुण. त्यासाठी रोज दहा किलोमीटरची गरज नाही. आठवड्यात तीन-चार दिवस धावणे, दोन दिवस पुल-अप्स, जोर, बैठका आणि एक दिवस पूर्ण विश्रांती पुरते. दहा पुल-अप्सना ४० गुण आहेत आणि त्या व्यायामाने पाठ व दंडाचे स्नायूही भरतात.

खाण्यात रोज साधारण ५०० कॅलरींची भर घातली तर आठवड्याला अर्धा किलोपर्यंत वजन वाढू शकते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास साडेपाचशे कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. फुटाणे, गूळ, मटकी, तूर-मुगाची डाळ, दूध हे सगळे आपल्या बाजारात मिळते. सोयाबीन तर आपल्याच शिवारात पिकते. मात्र ते भिजवून नीट शिजवूनच खावे, कच्चे खाऊ नये. या मुलाला आम्ही तीन महिने हाच हिशेब लावून दिला. आज त्याचे वजन ५२.६ आहे.

वजन जास्त असेल तर

भरतीच्या आठ दिवस आधी जेवण बंद करणे, पाणी तोडणे, जुलाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या घेणे हे प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. यात चरबी जात नाही, पाणी जाते. मग मैदानावर पायांत गोळे येतात, चक्कर येते, उन्हात जिवावरही बेतू शकते. सिद्धार्थ गौतमानेही कठोर उपवासांनी शरीर झिजवून पाहिले आणि ज्ञान त्या मार्गाने येत नाही हे ओळखून सुजाताची खीर स्वीकारली. विहारात हे चित्र आपण रोज पाहतो, त्यातला साधा अर्थ मुलांना सांगायला हवा.

सहा किलो कमी करायला किमान तीन-चार महिने धरा. साखरेचा चहा, तळलेले पदार्थ, थंड पेये आणि पावडर बंद. भात निम्मा, डाळ-उसळ दुप्पट, भाकरी चालू. कमरेचा घेर दर रविवारी सकाळी उपाशीपोटी टेपने मोजून वहीत लिहा. जिममधील चरबी दाखवणाऱ्या यंत्रावर फार विसंबू नका. पाणी कमी-जास्त प्यायल्यानेही त्याचा आकडा बदलतो.

फसवणूक ओळखा

'उंची वाढवून देतो', 'पंधरा दिवसांत पाच किलो' असे सांगणारे लोक भरतीच्या हंगामात हमखास फिरतात. आमच्या एका मुलाला प्रशिक्षकानेच इंजेक्शन सुचवले होते. स्टेरॉइडने यकृत आणि हृदयावर परिणाम होतो, संप्रेरकांचे गणित बिघडते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कोणतेही इंजेक्शन नको, हे पालकांनी घरात ठणकावून सांगावे. अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेमार्फत पोलीस व सैन्य भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या योजना राबवल्या जातात. कुठेही हजारो रुपये भरण्याआधी त्यांची जाहिरात पाहावी.

वैद्यकीय तपासणीत 'अनफिट' शेरा आला म्हणजे सगळे संपले असेही नाही. सैन्य रुग्णालयात फेरतपासणीची संधी असते. तिची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून हातात मिळालेला कागद तिथेच उभ्या उभ्या वाचा. आमच्या दोन्ही मुलांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि घरी आल्यावर चार दिवसांनी मला दाखवला.

मुलींचे काय?

सैन्य पोलीस दलात अग्निवीर म्हणून मुलींनाही संधी आहे. उंची १६२ सेंटीमीटर, १६०० मीटर धावणे जास्तीत जास्त आठ मिनिटांत, शिवाय लांब उडी आणि उंच उडी. वजनाचा हिशेब तोच, म्हणजे १६२ उंचीला किमान ४७.२ किलो. पण महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. धाप लागते म्हणून मैदान सोडणाऱ्या मुलीला आळशी म्हणण्याआधी तिचे रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात.

आता आम्ही विहारात एक वजनकाटा ठेवला आहे आणि भिंतीवर उंचीच्या खुणा केल्या आहेत. दर रविवारी वंदनेनंतर मुले रांगेने उभी राहतात, वहीत आकडे लिहिले जातात. पहिल्या रविवारी ५२.६ किलोच्या त्या मुलाची धाकटी बहीण दाराशी उभी राहून पाहत होती. तिलाही काट्यावर घेतले. वय सतरा, उंची १६३, वजन ३९. त्या घरात तीन महिने शेंगदाणे आणि अंडी येत होती, पण ती फक्त भावाच्या ताटात जात होती. पुढच्या रविवारपासून वहीत तिचेही पान आहे. आपापल्या विहारात असा एक काटा ठेवा आणि मुला-मुलींची वेगवेगळी वही करू नका.