बांद्र्याची मेरी आणि तुमची लेक

मैत्रिणींनो, तुळिंजहून नालासोपारा स्टेशन गाठायचं म्हणजे आपली रोजचीच शर्यत! एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचं बोट आणि कानात गाडीची शिट्टी. याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, बांद्र्याला, एक मुलगी वाढली आणि धावत धावत थेट ऑलिंपिकला पोहोचली. तिची हकिगत मुलींच्या आयांनी तर वाचायलाच हवी.

मेरी डिसूझा तिचं नाव. जन्म १८ जुलै १९३१ चा. मुलीच्या जातीनं चारचौघांत मैदानावर पळायचं, हे घरोघरी रुचत नव्हतं तो तो काळ. अशा वेळी १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, आणि मेरीनं २०० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवलं. शिवाय चौघींच्या रिले शर्यतीत रौप्य!

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकसाठी तिची निवड झाली. आनंद झाला खरा, पण प्रवासाचा खर्च कोण देणार? शेवटी तिच्या स्नेह्यांनी पत्त्यांचे डाव आणि नृत्याचा कार्यक्रम ठेवून पैसे उभे केले. गुणाला माणसांचा असा हात लागला, म्हणून मेरी बोटभर तरी पुढे सरकली!

त्या वर्षी भारतातून चार मुली गेल्या. धावायला मेरी आणि नीलिमा घोष, पोहायला डॉली नाझीर आणि आरती साहा. मेरी १०० आणि २०० मीटरच्या पहिल्या फेरीतच बाद झाली. पण म्हणून तिनं बूट काही खुंटीला टांगले नाहीत. १९५४ मध्ये मनिलाच्या आशियाई स्पर्धेत ख्रिस्तीन ब्राऊन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी या चौघींनी ४ × १०० मीटर रिले ४९.५ सेकंदांत जिंकली. सुवर्णपदक आणि स्पर्धेचा नवा विक्रम! हॉकीतही मेरी भारताकडून खेळली.

तुम्ही म्हणाल, लग्न झालं की हे सारं संपतंच ना? हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन यांचं उदाहरण पाहा. वय ३०, दोन मुलांची आई. घरी बसा असं सांगणारे तिथेही होतेच. त्याच बाईनं १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं पटकावली.

मेरीच्या कौतुकाला मात्र फार उशीर झाला. लग्नानंतर मेरी सिक्वेरा झालेल्या या धावपटूला २०१३ मध्ये ध्यानचंद पुरस्कार मिळाला, तेव्हा वय होतं ८२!

आता आपल्या घरात डोकावू या. शाळेच्या शर्यतीत पहिली येणारी मुलगी आठवी-नववीत गेली की आपणच म्हणतो, "पुरे झालं आता, अभ्यास बघ, स्वयंपाक शीक." भावाला मात्र क्रिकेटची नवी बॅट येते. हो की नाही?

लेकीला धावायची आवड असेल तर एवढं जरूर करा. पायाला नीट बसणारे बूट घ्या, पुढे वाढेल म्हणून मोठे नकोत. पोटभर जेवल्यावर लगेच पळू देऊ नका, दोन-तीन तास जाऊ द्या. डब्यात आपली वसईची सुकेळी किंवा शेंगदाण्याची चिक्की द्या. ती लवकर थकत असेल, चेहरा फिका दिसत असेल तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. पाळीच्या दिवसांत तिला झेपेल तेवढं धावू द्या, उगाच बंदी नको. आणि वसई तालुका कला-क्रीडा महोत्सवात तिचं नाव आवर्जून घाला.

पदक मिळेलच असं नाही. मेरीलाही ऑलिंपिकमध्ये मिळालं नव्हतं. पण तिला धावायला मिळालं, म्हणून दोन वर्षांनी सुवर्ण आलं. तुमच्या लेकीला निदान धावायला तरी मिळू दे!